नवीन बॉल पायथन आणलाय आणि तो काही खात नाहीये? पहिल्या दोन महिन्यांचं सगळं क्रमाने

नवीन बॉल पायथन आणलेल्या माणसाचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, "पाच दिवस झाले, नुसता कोपऱ्यात वेटोळं करून बसलाय, खात पण नाही, आजारी आहे का?" आणि जरा खोदून विचारलं की कळतं या पाच दिवसांत त्याला रोज बाहेर काढलंय, घरातल्या सगळ्यांच्या हातात देऊन झालाय, तीनदा उंदीर दाखवलाय आणि कोणीतरी सांगितलं म्हणून एकदा कोमट पाण्यात आंघोळ पण घातलीये. अहो तो आजारी नाहीये, घाबरलाय. मी माझ्या पहिल्या मादीबरोबर नेमकं हेच केलं होतं आणि तिने जवळजवळ दोन महिने तोंड उघडलं नाही, म्हणून एवढ्या हक्काने बोलतोय. यातली बहुतेक मेहनत साप घरी यायच्या आधीची आहे. साप आल्यावर तुमचं मुख्य काम म्हणजे पेटी सांभाळणं आणि स्वतःचे हात आवरणं, आणि दुसरं काम पहिल्यापेक्षा जड जातं.

आधी हा प्राणी राहतो कसा ते बघू

बॉल पायथन (शास्त्रीय नाव पायथन रेजियस) हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, तिकडच्या गवताळ माळरानांवर आणि विरळ झाडीत राहणारा अजगर. अजगरांमध्ये तसा बुटकाच, नर साधारण ३ फुटांच्या आसपास, मादी ४ फूट, क्वचित ५. दिवसभर हा उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात दडून बसतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. वरच्या ओठाच्या कडेला याला बारीक खाचा असतात, त्यांनी उष्णता कळते, म्हणजे काळोखात गरम रक्ताचा उंदीर याला 'दिसतो'. आणि घाबरला की चावायच्या आधी हा डोकं मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो, नाव पण त्यावरूनच पडलंय.

हे सगळं पाल्हाळ अशासाठी की पुढच्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्या वारुळातच आहे. वारुळात काय असतं? अंधार असतो, जागा अरुंद असते, अंगाला सगळीकडून भिंत टेकते, ऊब असते आणि हवेत ओल असते. आणि आपण काय करतो, तर त्याला चारी बाजूंनी पारदर्शक काचेच्या, कोरड्या, लखलखीत उजेडाच्या टँकमध्ये ठेवतो आणि वर म्हणतो हा बुजरा आहे!

अजून एक, हा शौक दोन-चार वर्षांचा नाही. नीट सांभाळला तर २० ते ३० वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली होती, तेव्हा तिचं वय ६२ तरी असावं असा तिथल्या लोकांचा अंदाज होता. म्हणजे हा साप कदाचित तुमच्या पुढच्या पिढीच्या गळ्यात पडणार आहे, घरच्यांना आधी विचारा.

घ्यायच्या आधी चार प्रश्न

पहिला प्रश्न, हा बंदिवासातच जन्मलेला आहे का. घाना, टोगो, बेनिन या देशांतून वर्षानुवर्षं बॉल पायथन बाहेर जातायत, त्यातले बरेच जंगलातून पकडलेले किंवा जंगलातल्या गाभण माद्यांच्या अंड्यांतून निघालेले असतात. असे साप जंत, माइट्स (अंगावर राहून रक्त पिणारे बारीक किडे) आणि प्रवासाचा ताण घेऊन येतात आणि त्यांना खायला लावता लावता नाकी नऊ येतात. पहिलाच साप असेल तर अशाच्या वाटेला जाऊ नका. दुसरं, कागदपत्रं. ही जात साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे देशाबाहेर ने-आण करायला परवाने लागतात, शिवाय आपापल्या देशाचे नोंदणीचे नियम वेगळे. विकणारा कागदांबद्दल ताकास तूर लावू देत नसेल तर तिथूनच मागे फिरा.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, खाण्याची नोंद मागा. काय खातो, माऊस (छोट्या जातीचा उंदीर) की रॅट (मोठ्या जातीचा), केवढा, जिवंत की फ्रोझन, शेवटचं कधी खाल्लं, आणि राहतो कशात. निदान तीन-चार वेळा सलग खाल्लेलं पिल्लूच घ्या. "खातो हो मस्त" हे उत्तर नाही, शक्य असेल तर समोर खाताना बघा. चौथा प्रश्न रंगाचा. बॉल पायथनच्या रंग-नक्षीच्या असंख्य जाती पैदास करून काढल्यात, त्यांना मॉर्फ म्हणतात, आणि यातल्या 'स्पायडर' मॉर्फला जन्मतःच तोल जायची, डोकं थरथरायची व्याधी असते, कोणाला कमी कोणाला जास्त. तिला वॉबल म्हणतात आणि ती कुठल्याही काळजीने बरी होत नाही. दिसायला सुंदर असतो पण मी तरी घेणार नाही.

हातात घेऊन बघताना अंग भरीव लागलं पाहिजे, पाठीचा कणा वर धारदार आलेला नको, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ नको, श्वासाचा आवाज नको, गुदद्वाराभोवती घाण चिकटलेली नको. डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालची खाच नीट बघा, मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके हलत असतील तर ते माइट्स.

पेटी: साप यायच्या चार दिवस आधी चालू करून ठेवा

साप आणि टँक एकाच दिवशी घरी आणणं ही चूक सगळेच करतात. पेटी रिकामी चालवा, तीन-चार दिवस तापमान आणि दमटपणा बघा, दुपारी किती होतं, पहाटे किती उतरतं, सगळं लिहा. आकडे स्थिर झाले की मगच साप आणायचा. ज्यांनी हे केलं त्यांचं अर्धं काम तिथेच झालं.

आकार. पूर्ण वाढलेल्या सापाला ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच पेटी धरून चाला. पिल्लाला लहान चालते, आणि "मोठ्या पेटीत पिल्लू घाबरतं" हे जे ऐकता ते अर्धसत्य आहे, पिल्लू मोठ्या जागेला घाबरत नाही, उघड्या जागेला घाबरतं. पेटी मोठी असेल तर ती गच्च भरा, खोटी पानं, फांद्या, बुचाच्या साली, नळकांडी, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याला कोणाला न दिसता जाता आलं पाहिजे. काचेचा टँक असेल तर तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावून टाका, दिसायला कसं पण दिसो.

लपायच्या जागा, म्हणजे हाईड. कमीत कमी दोन, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, आणि दोन्ही शक्यतो अगदी सारख्या. एकच हाईड ठेवली तर बिचाऱ्याला ऊब हवी की सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं, आणि तो सुरक्षितता निवडतो, मग गारठून बसतो आणि खाल्लेलं पचत नाही. हाईड घट्ट हवी, वेटोळं केल्यावर अंग भिंतींना टेकलं पाहिजे, दार एकच आणि छोटं. दुकानातल्या अर्ध्या ओंडक्याच्या हाईड दोन्हीकडून उघड्या असतात, सापाच्या दृष्टीने तो बोगदा झाला, बीळ नाही. प्लास्टिकचा उपडा डबा, त्याला कापून केलेलं दार आणि दाराच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, हे पैसे न घालवता उत्तम चालतं.

ऊब. गरम बाजूच्या हाईडच्या आत जमिनीचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सियस, थंड बाजू २५ ते २७, आणि रात्री कुठलाही कोपरा २४ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. ऊब देणारी वस्तू कुठलीही असो, हीट मॅट, सिरॅमिक बल्ब, हॅलोजन, तिला थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला ऊब आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) लावल्याशिवाय स्विच चालू करायचा नाही. इथे काटकसर नको. माझी गोष्ट सांगतो. विकणाऱ्याने मॅट दिली आणि सोबत काचेला चिकटवायचं गोल तबकडीचं मीटर दिलं, थर्मोस्टॅटचं नाव नाही काढलं. मीटर २९ दाखवायचं, मी खूष. मादी मात्र दिवस-रात्र पाण्याच्या भांड्यात बसलेली, मला वाटायचं तिला पाणी आवडतं. दोन आठवड्यांनी एका मित्राने इन्फ्रारेड टेंपरेचर गन आणली आणि मॅटवरच्या जमिनीवर धरली, ४१ अंश! ती पाण्यात खेळत नव्हती, भाजू नये म्हणून पळाली होती. तेव्हापासून काचेवरच्या तबकडीवर माझा विश्वास नाही. ती हवेचं तापमान सांगते, तेही जिथे चिकटवलीये तिथलं, आणि साप तर पोटाने जमिनीला चिकटून असतो. डिजिटल प्रोब (तारेच्या टोकाचं तापमान मोजणारं सेन्सर) एक गरम हाईडच्या आत आणि एक थंड बाजूला, आणि मधूनमधून गनने खात्री. प्रोब नीट चिकटवा, सापाने ढकलून पाण्यात पाडला तर थर्मोस्टॅटला वाटतं थंडी पडलीये आणि तो तापवतच सुटतो. बल्ब पेटीच्या आत असेल तर त्याला जाळी हवी, हे साप बल्बला विळखा घालून बसतात आणि भाजेपर्यंत हलत नाहीत. आणि ते तापणारे नकली दगड मिळतात ना, हीट रॉक, ते घेऊच नका.

दमटपणा. ६० ते ८० टक्के. ५० च्या खाली सारखा राहिला की कात तुकड्यातुकड्याने निघते, नाक भरतं. वरून जाळीचं झाकण असेल तर सगळी ओल उडून जाते, म्हणून जाळीचा बराचसा भाग झाका, पण हवा यायला-जायला वाट ठेवा. दिवसातून चार वेळा फवारे मारण्यापेक्षा खाली जाड थर कोकोपीट किंवा नारळाच्या सालीचे तुकडे टाका आणि कोपऱ्यांतून थोडं पाणी खालच्या थरात सोडा, वरचा थर कोरडा वाटला पाहिजे आणि खालचा ओलसर. वरचाच थर ओला राहिला तर पोटाचे खवले सडतात. देवदार आणि पाइनचा भुसा मात्र नको, त्यातली वासाची तेलं सापांना त्रास देतात.

पण थांबा, अगदी सुरुवातीच्या महिन्या-दोन महिन्यांसाठी मी कोकोपीट टाकतच नाही. साधे पांढरे पेपर टॉवेल अंथरतो. दिसायला दवाखाना वाटतो पण पांढऱ्यावर माइट्स दिसतात, शी कशी आहे ते दिसतं, आणि साफसफाई दोन मिनिटांत होते. ओल टिकवायला मग एक तिसरा डबा ठेवायचा, त्यात ओलसर पिळून घेतलेलं स्पॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारं शेवाळ.

उजेड १२ तास चालू, १२ तास बंद, रात्री पूर्ण काळोख, लाल-निळे 'नाईट बल्ब' नकोत. अतिनील किरणांचा दिवा लावायचा तर कमी ताकदीचा चालेल, पण पहिल्या महिन्यात ती काळजी नका करू. पाण्याचं भांडं जड आणि न कलंडणारं, पाणी रोज बदलायचं. आणि कुलूप! झाकणावर पुस्तकं ठेवून भागत नाही, साप रात्रभर नाकाने एकेक फट तपासत बसतो, त्याच्याकडे वेळच वेळ आहे.

घरी आणताना

कापडी पिशवी, उशीच्या अभ्र्यासारखी, शिवण आत येणार नाही अशी उलटी करून, तोंडाला गाठ, आणि ती पिशवी थर्माकोलच्या नाहीतर प्लास्टिकच्या हवेशीर डब्यात. वाटेत उघडून बघायचं नाही, उन्हात गाडीत ठेवून कुठे चहाला थांबायचं नाही, बंद गाडी किती लवकर तापते ते सांगायला नको. घरी आलं की वजन करून घ्या, पिशवीसकट तोलायचं आणि मग रिकामी पिशवी तोलून वजा करायची, मग पिशवी गरम हाईडच्या दाराशी उघडून ठेवा आणि लांब व्हा. तो बाहेर येईल त्याच्या मर्जीने. फोटो नंतर.

पहिला आठवडा: काही न करणं

रोज पाणी बदला, तापमान बघा, घाण असेल तर उचला. बास. हाईड उचलून "आहे ना जिवंत" बघायचं नाही. मला माहितीये हात शिवशिवतात, पण प्रत्येक वेळी हाईड उचलली की त्याच्यासाठी कोणीतरी वारूळ फोडलेलं असतं. टँक टीव्हीजवळ, स्पीकरजवळ किंवा सतत ये-जा असलेल्या दारापाशी नको. घरात मांजर-कुत्रं असेल तर खोलीचं दार बंद.

दिवसा गायब आणि रात्री अकरानंतर सगळीकडे जीभ लपलपवत हिंडतोय, हे छान लक्षण. दिवसाढवळ्या सतत काचेला नाक घासतोय, वर चढतोय, पडतोय, हे वाईट, कुठेतरी तापमान, ओल किंवा लपायची जागा चुकलीये. सतत पाण्यात बसलाय तर खूप गरम, नाहीतर माइट्स, नाहीतर कात जवळ आलीये, याच क्रमाने तपासा.

पहिलं जेवण, साधारण सातव्या-आठव्या दिवशी

विकणारा जे, जेवढं आणि जसं द्यायचा तेच द्या. सुधारणा नंतर करू. आकाराचा साधा नियम, सापाचं अंग जिथे सगळ्यात जाड तेवढाच जाड उंदीर, किंवा पिल्लांना वजनाच्या १० ते १५ टक्के, दर ७ ते १० दिवसांनी. मोठ्या सापाला साधारण ५ टक्के, दोन ते चार आठवड्यांतून एकदा पुरतं, त्याहून जास्त दिलं तर चरबी चढते.

फ्रोझन उंदीर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा. द्यायच्या वेळी पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, पूर्ण वितळून अंग कोमट आणि डोकं चांगलं गरम, ३८ अंशांच्या आसपास, लागलं पाहिजे. मायक्रोवेव्ह नको, फुटतो, आणि एकदा फुटला की तो वास जन्मात विसरणार नाही. मघाशी त्या ओठांवरच्या खाचा सांगितल्या ना, त्यांचा उपयोग इथे आहे, उंदीर थंड असेल तर तुमच्या सापाच्या लेखी तो दगड आहे. संध्याकाळी दिवे मालवून, लांब चिमट्याने कमरेला धरून, हाईडच्या दारापासून थोडा लांब हलकेच हलवा. तोंडावर नेऊन आपटू नका, घाबरून मागे सरकला की त्या दिवशीचा खेळ खलास. दहा मिनिटांत झडप नाही घातली तर उंदीर दारासमोर कागदावर ठेवून खोलीतून निघून जा. बरेच लाजरे साप मध्यरात्री गुपचूप खातात. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या, परत गोठवायचा नाही.

जिवंत उंदीर सोडून कधीही लांब जाऊ नका. भुकेला नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, आणि साप नुसता बसून राहतो, पाठीची हाडं दिसेपर्यंत चावलेले साप बघितलेत मी. आणि खायला घालायला वेगळ्या डब्यात काढा म्हणजे हाताला चावायची सवय लागत नाही, हा सल्ला मला पटत नाही. आधी उचलल्याने घाबरतो, खाल्ल्यावर उचलल्याने ओकतो, आणि भुकेल्या सापात हात घालायची वेळ उलट दोनदा येते. त्याच्याच पेटीत घाला. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही.

नाही खाल्लं तर

काही नाही. चिमटा ठेवा, एक आठवडा थांबा, पुन्हा प्रयत्न. रोज-रोज उंदीर नाचवला तर तो उंदरालाच घाबरायला लागतो. मधल्या आठवड्यात सापाकडे नाही, पेटीकडे बघा, गरम हाईडच्या आतलं तापमान खरंच ३१ च्या वर आहे का, दमटपणा किती, हाईड सैल तर नाही. मग डावपेच: उंदीर अजून गरम करून बघा, एक आकार लहान द्या, रॅटऐवजी माऊस, आणि काही जण उंदीर जिथे होते त्या भुशात घोळवून वास लावतात ते पण चालतं.

मोठे बॉल पायथन, विशेषतः नर, थंडीत किंवा विणीच्या काळात दोन-चार महिने काही खात नाहीत आणि वजनाला फारसा धक्का लागत नाही, या जातीची ती खोडच आहे. म्हणून वजनकाटा हवा. आठवड्यातून एकदा, ग्रॅममध्ये, वहीत. अन्न सोडल्यापासून वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा अंगावर सैल वळ्या दिसायला लागल्या, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे. अगदी छोट्या पिल्लाला मात्र एवढी सूट नाही, पिल्लाने घरी आल्यापासून महिना-दीड महिना काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला दाखवाच. तोंड उघडून जबरदस्ती भरवणं हे शेवटचं हत्यार आहे, व्हिडिओ बघून करायचं नाही, घसा फाटतो.

खाऊन ओकला तर? घाबरू नका पण हलक्यात पण घेऊ नका. बहुतेक वेळा थंडी, हाताळणी किंवा फार मोठा घास. दोन आठवडे पूर्ण उपास, पाणी मात्र ताजं, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर. लगेच परत खायला घातलं तर परत ओकतो आणि मग सगळंच हाताबाहेर जातं. दोनदा ओकला की डॉक्टर.

हातात कधी घ्यायचा

सलग दोन-तीन वेळा नीट खाल्लं की. आधी नाही. सुरुवात पाच मिनिटांची, आठवड्यात दोनदा. वरून हात आणू नका, आकाशातून येतं ते शिकारी पक्षी असतं. बाजूने या, आधी कागदाच्या नळीने अंगाला हलका स्पर्श करा, म्हणजे त्याला कळतं हे जेवण नाही, आणि मग अंगाच्या मधोमध एक हात आणि शेपटीकडे दुसरा देऊन उचला. डोकं पकडायचं नाही. हात साबणाने धुतलेले हवेत, उंदराचा वास असेल तर बोट म्हणजेच उंदीर. मान इंग्रजी 'एस'सारखी मागे खेचून धरली असेल तर आज राहू दे.

चावला तरी विष नाही, ओरखडे येतात. पकडून ठेवलं तर हिसडा मारू नका, दात आतल्या बाजूला वळलेले असतात, तुटून बोटात राहतात, त्याच्या डोक्यावर थंड पाण्याची धार धरा, सोडतो. आणि हो, साप डूख वगैरे काही धरत नाही, एवढी स्मरणशक्ती असती तर माझ्या मादीने मला कधीच माफ केलं नसतं.

कात टाकताना

रंग मळका होतो, पोट गुलाबीसर दिसतं, डोळे निळसर दुधाळ होतात. त्या दिवसांत त्याला धूसर दिसतं म्हणून चिडका होतो, खायचं सोडतो, हे सगळं नॉर्मल. हात लावू नका, दमटपणा ७०-८० वर न्या. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि मग कात निघते, एका अखंड मोज्यासारखी निघाली पाहिजे. कात पसरून शेपटीचं टोक आणि दोन डोळ्यांच्या चकत्या तपासा, सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरचा पारदर्शक खवलाही कातीबरोबर उतरतो. तुकडे राहिले तर ओलसर मॉसच्या डब्यात रात्रभर ठेवा, पण डोळ्यावरची चकती नखाने किंवा चिमट्याने काढायच्या फंदात पडू नका, त्यात डोळा जातो. पुढच्या कातीला दमटपणा नीट ठेवला की ती बहुधा आपोआप येते, नाही आली तर डॉक्टर.

कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

शीबरोबर पांढरा खडूसारखा गोळा, नॉर्मल, ते युरेट, म्हणजे सापाची घट्ट लघवीच. एकदा जांभई, नॉर्मल. पण तोंड उघडून श्वास, घरघर, शिट्टीसारखा आवाज, नाकात बुडबुडे, डोकं वर करून बसणं, हा श्वसनाचा संसर्ग, त्याच आठवड्यात डॉक्टर, नुसती ऊब वाढवून बघत बसू नका. काही वेळा मागे निडोव्हायरस नावाचा विषाणू असतो, त्याची तपासणी घशातल्या नमुन्यावरून करतात. डोकं उलटं वळवून आकाशाकडे बघत राहणं, उताणं पडल्यावर सरळ न होता येणं, हे मज्जासंस्थेचं, थांबायचं नाही. आणि एकही लक्षण नसलं तरी पहिल्या महिन्यात ताजी शी डब्यात घालून जंतांची तपासणी करून घ्या, त्यासाठी सापाला न्यायची पण गरज नसते.

माइट्स दिसले तर सगळं सामान बाहेर, पेपर टॉवेल रोज बदलणं, पेटीच्या फटी गरम पाण्याने धुणं, आणि औषध डॉक्टरला विचारूनच. कुत्र्या-मांजरांचं पिसवांचं औषध फवारल्याने साप मेलेत. तेच फिनाइलचं, पेटी त्याने पुसू नका, फिनॉल असलेली जंतुनाशकं सापांना विषारी पडतात. साबणाचं पाणी, मग क्लोरहेक्झिडिनचं पातळ द्रावण, स्वच्छ धुऊन कोरडं करून मगच साप आत.

आपली पण काळजी. सापाच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारे जिवाणू) असू शकतो, साप ठणठणीत दिसत असला तरी. हात लावल्यावर दर वेळी साबणाने धुवा, भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नका, आणि ५ वर्षांखालची मुलं, गरोदर बायका किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल तर त्यांना सापापासून लांबच ठेवा.

दुसरा साप

हा नीट खायला लागला, कात अखंड टाकली, की साधारण तिसऱ्या महिन्यात डोक्यात किडा वळवळायला लागतो, अजून एक आणू. आणा, पण एका पेटीत दोन कधीच नाही, ते अंगाला अंग लावून बसतात ते प्रेमाने नाही, दोघांनाही तीच ऊबदार जागा हवी असते म्हणून. नवीन आलेला ९० दिवस वेगळ्या खोलीत, त्याचा चिमटा वेगळा, भांडं वेगळं, आणि रोजचं काम आधी जुन्याचं, मग नव्याचं, त्यानंतर हात धुऊन कपडे बदलल्याशिवाय जुन्याच्या खोलीत परत पाऊल टाकायचं नाही.